घरातल्या माणसाची दारू: ‘सोड’ म्हणून झालं असेल, तर आता ‘चल’ म्हणून बघा

माझा दादा कळव्याला राहतो, मी ऐरोलीला. तो रबाळ्याच्या एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे. त्याची दारू आमच्या लक्षात आली त्याला नऊ वर्षं झाली. त्यातली सात वर्षं आई, वहिनी आणि मी जमेल ते सगळं करत होतो: रडलो, भांडलो, नवस बोललो, शपथा घातल्या. उपचार सुरू झाले ते त्यानंतर, आणि तेही आम्ही आमचं वागणं बदलल्यावर. कुठून सुरुवात करायची, कुठे जायचं, काय बोलायचं, हे त्या सात वर्षांत आम्हाला कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांना ठिकाणांचा उपयोग होईल, बाकी गोष्टी कुठल्याही घराला लागू आहेत. पिणारी व्यक्ती बाई असेल तरी पायऱ्या याच आहेत, फक्त तिचं पिणं घरं जास्त लपवतात आणि त्यामुळे उशीर जास्त होतो.

आधी हे बघा

पुढचं काही आत्ता घरात घडत असेल तर वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा: फिट येणं, नसलेली माणसं किंवा किडे दिसणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, हलवूनही जागं न होणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा. रुग्णवाहिकेसाठी १०८. पिऊन बेशुद्ध पडलेल्याला उताणं ठेवू नका, कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. मारहाण होत असेल तर ११२, बायकांसाठी १८१. मार खात समजूत घालत बसायची जबाबदारी कुणाचीही नाही. आधी मुलांना घेऊन शेजारी जा.

१. सवय आहे की आजार, हे स्वतःशी नक्की करा

दादा चहा नेहमी बशीत ओतून प्यायचा. लहानपणापासूनची सवय. एक दिवस वहिनी म्हणाली, “हल्ली बशी नको म्हणतात.” आम्ही ते हसण्यावारी नेलं. पुढे कळलं, सकाळी हात इतके थरथरायचे की कप-बशी वाजायची, म्हणून त्याने बशी सोडली होती. तो स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायचा.

डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात, ते तुम्हीही मनात विचारून बघा. कमी करायला हवी असं त्याला कधी वाटलं आहे का? कुणी पिण्यावरून बोललं की त्याला राग येतो का? पिण्याबद्दल त्याला अपराधी वाटतं का? आणि सकाळी उठल्यावर हात थांबावेत, डोकं उतरावं म्हणून घ्यावी लागते का? दोन ‘हो’ आले तर डॉक्टरांना दाखवायला हवं. चौथ्या प्रश्नाला आपल्याकडे शब्दच आहे: उतारा. सकाळचा उतारा सुरू झाला असेल तर शरीर दारूवर अवलंबून झालं आहे असं धरून चाला, आणि पायरी ८ आधी वाचा.

इथे एक फसगत आपल्याकडे हमखास होते. “तो श्रावण कडक पाळतो, महिनाभर शिवत नाही, म्हणजे व्यसनी नाही.” आमचे मामा हेच म्हणायचे. महिनाभर थांबता येणं आणि गणपतीनंतर पुन्हा तिथेच, किंबहुना थोडं पुढे जाणं, हे दोन्ही एकाच माणसात असतं. तो किती दिवस थांबतो यापेक्षा सुरू केल्यावर त्याला थांबता येतं का, ते बघा.

२. त्याच्याआधी तुम्ही जा

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घरच्यांना एकट्याने जाता येतं, पेशंट सोबत असायलाच हवा असं नाही. मी आणि वहिनी आधी गेलो. दादा पहिल्यांदा आला तो त्यानंतर पाच महिन्यांनी.

तिथे आम्हाला सांगितलं की घरच्यांना बोलायची-वागायची रीत शिकवली तर पेशंट उपचाराला येण्याची शक्यता बरीच वाढते. याचा नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, १३० घरच्या माणसांना घेऊन केलेल्या अभ्यासात, ज्या गटाला ही रीत शिकवली त्यांची ६४ टक्के माणसं उपचाराला आली. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवायचं आणि एकदम सुनवायचं, या पद्धतीत हेच प्रमाण ३० टक्के होतं. आपल्याकडे या दुसऱ्या प्रकाराला ‘बैठक बसवणं’ म्हणतात. आम्हीही बसवली होती. मामा, काका, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे हॉलमध्ये आणि मधोमध दादा. त्याने सगळ्यांना हात जोडले, सगळ्यांचं ऐकलं, आणि रात्री घरी आला तो नेहमीपेक्षा जास्त पिऊन.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे गट असतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं, आणि पिणाऱ्यांच्या बायका-मुलांसाठी १९५१ मध्ये अल-ॲनॉन. फी नसते, आडनाव विचारत नाहीत. तिथे त्याला कसं आणायचं हे शिकवत नाहीत, तुम्ही स्वतः कसं तगायचं हे शिकता. वहिनी पहिल्या मीटिंगला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र स्वतःच साडी बदलून तयार बसली होती.

एक वही करा. तारीख, काय घडलं, किती पैसे गेले, कामावर किती खाडे झाले, एवढंच लिहा. शिव्याशाप नको. ही वही त्याच्या तोंडावर फेकायची नाही, ती डॉक्टरांना दाखवायची आहे.

३. पांघरूण काढा, पण छप्पर ठेवा

आमच्या घरात दारू पाच जण मिळून चालवत होतो. हे लिहिताना अजूनही पोटात कालवतं, पण तसंच होतं.

आई रोज सकाळी पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून द्यायची. “हात थरथरताना बघवत नाही गं,” म्हणायची. वहिनी कंपनीत फोन करून सांगायची, ताप आहे. मी त्याचे दोन हप्ते भरले होते. काकांनी त्याचं बाइकचं प्रकरण मिटवलं होतं. आणि त्याची मुलगी, तेव्हा सातवीत होती, दारावर कुणी आलं की सांगायची, बाबा झोपलेत. त्यामुळे दादाला त्याच्या पिण्याची किंमत कधी दिसलीच नाही. ती आम्ही भरत होतो.

हे एका दिवसात तोडू नका. आधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून काय थांबवायचं ते ठरवा. आम्ही ठरवलेलं असं:

- दारूसाठी किंवा दारूने झालेल्या उधारीसाठी पैसे नाहीत.
- कामावर खोटा फोन नाही. तो फोन त्याचा त्याने करायचा.
- मुलांच्या तोंडून खोटं वदवायचं नाही.
- रात्री पिऊन आल्यावर वाद नाही, उपदेश नाही. जेवण झाकून ठेवलेलं असेल.
- सकाळी शुद्धीत असला की आपुलकीने बोलायचं. एक दिवस न पिता घरी आला तर ते दिसलं आहे, हे त्याला कळू द्यायचं. दादाला मासे आवडतात. ज्या संध्याकाळी तो तसाच आला त्या दिवशी वहिनी बांगडे तळायची, आणि का, ते बोलून दाखवायची नाही.

छप्पर ठेवायचं म्हणजे काय? मुलांची फी, रेशन, वीजबिल, आईची औषधं यांना हात लागू द्यायचा नाही. पगाराच्या दिवशी, आमच्याकडे सात तारखेला, घरखर्चाचे पैसे वहिनीच्या खात्यावर जातील अशी सोय शुद्धीतल्या दादाशी बोलूनच केली. त्याला धडा मिळावा म्हणून मुलांना उपाशी ठेवायचं नाही.

आईला हे फार जड गेलं. आणि तिची भीती अगदीच खोटी नव्हती, कारण उतारा घेणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पैसे बंद करण्याआधी डॉक्टरांचं ठिकाण ठरलेलं हवं. क्रम उलटा करू नका.

बाटल्या सिंकमध्ये ओतू नका. मी ओतल्या आहेत. अर्ध्या तासात नवी क्वार्टर आली, आणि त्यासाठी उधारी झाली ती वेगळी.

४. ‘चल’ म्हणायच्या आधी कुठे जायचं ते ठरवा

तो ‘बरं, येतो’ म्हणाला आणि तुम्ही तिथून फोन नंबर शोधायला बसलात, तर ती घटका गेली म्हणून समजा. आमची एकदा अशीच गेली. रविवारी सकाळी तयार झाला, सोमवारी दुपारी नंबर लागला, तोवर तो बदलला होता.

फोनपासून सुरुवात करा. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. १४४१६ ही टेली-मानस, २०२२ पासून सुरू असलेली मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. घरच्या माणसाने फोन केला तरी चालतो.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. आणि आपली अडचण नेमकी इथे आहे. आपण लहानपणापासून “ह्याला ठाण्याला पाठवा” असं एकमेकांना चिडवत मोठे झालो. त्यामुळे आईने ते नाव ऐकलं आणि देवघरासमोर जाऊन बसली. प्रत्यक्षात ओपीडीत काय दिसतं? रांगेत बसलेली, डबा घेऊन आलेली, आपल्यासारखीच माणसं. केसपेपर निघतो, डॉक्टर तपासतात, औषध देतात, आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे, हे घरातल्या मोठ्यांना आधीच समजावून ठेवा.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथेही मानसोपचार विभाग आहे. यकृत, साखर, बीपी अशा बाकीच्या तक्रारी असतील तर एकाच आवारात सगळं दाखवता येतं, हा मोठा फायदा. नवी मुंबईकरांना ट्रान्स हार्बर लोकलने ठाणं लांब नाही, ऐरोलीहून मधे फक्त दिघा गाव लागतं. कुठेही जा, ओपीडीचे वार आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या आणि सकाळी लवकर पोहोचा. रांगेत अकरा वाजले की पिणाऱ्याची तगमग सुरू होते.

समुपदेशनासाठी ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली संस्था. राहून उपचार घ्यायचे असतील तर पुण्याचं मुक्तांगण मराठी माणसाला माहीत असतंच. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं, तिथला निवासी कार्यक्रम साधारण पाच आठवड्यांचा असतो, आणि पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे.

एएच्या मीटिंगा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये भरतात. जवळची मीटिंग आणि तिची भाषा आधी विचारून ठेवा. सदस्य व्हायला एकच अट असते, दारू सोडायची इच्छा. पहिल्यांदा जाताना दारापर्यंत सोबत गेलात तरी पुरे.

५. फाईल भरून ठेवा

एक प्लॅस्टिकची फाईल घ्या. आमची निळी आहे. त्यात:

- आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोघांच्या झेरॉक्स
- कंपनीचं कामगार विम्याचं कार्ड असेल तर ते
- जुने रिपोर्ट: लिव्हरची रक्ततपासणी, सोनोग्राफी, साखर
- सध्या चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. नाव लिहून नेण्यापेक्षा पट्टीच न्या
- पूर्वी फिट आली असेल, डोक्याला मार लागला असेल तर तारखा
- रोज किती, कुठली, शेवटची कधी घेतली, हे एका चिठ्ठीवर
- तुमची वही

मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं आहे, पण बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या गोष्टींत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचे उपचार लिहिलेले असतात. भरती करण्याआधी पॉलिसीचं ते पान वाचा.

६. बोला: कधी, कुणी आणि काय

आता सगळ्यात महत्त्वाचं.

आधी मी काय केलं ते सांगते. एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर दादाने पाकीट पुढे केलं, मी हात मागे घेतला. म्हटलं, “मला ओवाळणी नको. दारू सोड, तीच माझी ओवाळणी.” सगळ्यांसमोर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आईच्या पायाला हात लावून त्याने शपथ घेतली, आणि खरंच त्या रात्रीपासून थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर घामाने भिजत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पडला. फिट आली होती. शेजाऱ्यांनी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल आणली, रिक्षात घालून नेलं तेव्हा जिभेतून रक्त येत होतं. तो वाचला. पण त्यानंतर वर्षभर त्याच्याकडे एक वाक्य होतं: “सोडली तर मरतो मी, बघितलंत ना?” त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून सांगते, शपथ मागू नका. कायमची सोडण्याचं वचन मागू नका. अशा माणसाला ते पाळता येत नाही, आणि मोडलं की तो तुमच्यापासून लपायला लागतो. फक्त एक छोटी गोष्ट मागा: एकदा डॉक्टरांकडे यायचं. तुळशीची माळ घालून सुटलेली माणसंही मी पाहिली आहेत, आणि त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण माळ घालायची तर तीही शरीर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारूतून बाहेर आल्यावर.

कधी: तो शुद्धीत असताना. बहुधा सकाळी, चहाच्या वेळी. काहीतरी घडून गेल्यावरची सकाळ चांगली, तेव्हा त्याला स्वतःलाच लागलेलं असतं. रात्री कधीच नाही, पगाराच्या दिवशी नाही, गटारीच्या आठवड्यात नाही, मुलांसमोर नाही.

कुणी: एकानेच. ज्याच्याशी त्याचं भांडण सगळ्यात कमी, त्याने. आमच्याकडे ती मी होते. वहिनीने बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, कारण तिने तोंड उघडलं की तो आधीच चिडलेला असायचा.

काय: पाहिलेलं सांगा, ठपका ठेवू नका. “तू बेवडा झालायस”, “तुला आमची पर्वाच नाही” याला उत्तर भांडणच येतं.

चौथ्या वेळी जमलं ते बोलणं जसं आठवतं तसं लिहिते. सकाळचे पावणेसात, कळव्याचं स्वयंपाकघर, आई मुद्दाम खाली दूध आणायला गेली होती.

मी म्हटलं, “दादा, परवा एक बघितलं. तुझी लेक पाण्याची बाटली तोंडाला लावायच्या आधी वास घेते.”

तो काही बोलला नाही. पेला खाली ठेवला.

“तुझीच बाटली असं नाही. कुठलीही. माझ्या घरीसुद्धा घेतला.”

बराच वेळ गेला. मग म्हणाला, “काय करू सांग.”

“सोड म्हणत नाही. तुला झोप नाही, हात थांबत नाहीत, पायात गोळे येतात. ते डॉक्टरांना दाखवू. उद्या ओपीडी आहे, मी सुट्टी टाकली आहे, फाईल तयार आहे. माझ्याबरोबर चल फक्त. पुढचं तिथे गेल्यावर तू ठरव.”

“ठाण्याला?”

“हो, ठाण्याला.” खोटं बोलायचं नाही हे ठरलेलं होतं. फसवून नेलेला माणूस दुसऱ्यांदा तुमच्याबरोबर बाहेर पडत नाही.

“आणि आज घेतली तर?”

“एकदम बंद करू नकोस. ते डॉक्टरच सांगतील. सकाळी किती घेतलीस तेवढं खरं सांग.”

तो येईल असं मला शेवटपर्यंत वाटलं नव्हतं. सकाळी साडेसातला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभा होता.

७. ‘नाही’ म्हणाला तर

पहिल्या तीन वेळा तेच म्हणाला. “बरं, पुन्हा कधी वाटलं तर सांग” एवढं म्हणून उठा. पायरी ३ चालू ठेवा. पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा विचारा. मधल्या काळात तुमच्या मीटिंगा चुकवू नका.

याच काळात माणूस चुकीच्या दारात जातो. आम्हीही जाता जाता वाचलो. एका केंद्रात फोन केला तर पलीकडचा म्हणाला, “ताई, तुम्ही फक्त पत्ता द्या. गाडी पाठवतो, चार पोरं येतील, उचलून आणतील. तीन महिने भेटायचं नाही.” तीन महिन्यांचे पैसे आधी मागितले. डॉक्टर कोण, विचारलं तर “येतात अधूनमधून” असं उत्तर आलं. वहिनी इतकी थकली होती की हो म्हणणार होती.

कायदा काय आहे ते ठाऊक असू द्या. २०१७ च्या कायद्यात दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितीही मानसिक आजारात धरल्या आहेत. स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ माणसाला त्याच्या संमतीशिवाय भरती करता येत नाही. त्याची समजच हरपली असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर त्याच्या वतीने नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर आणि मानसोपचारतज्ज्ञासह दोघा तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर ठरावीक मुदतीपुरतं दाखल करता येतं. साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि किती वेळा येतात, रात्री फिट आली तर काय करता, घरच्यांना कधी भेटू देता, हे विचारा, आणि आधी स्वतः जाऊन जागा बघून या. जागा दाखवायला नकार दिला तर तिथून निघा.

दुसरा सापळा लोकलच्या डब्यात चिकटवलेला असतो: “न सांगता दारू सोडवा.” जेवणात मिसळायची पूड. त्यात काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेतलेल्याने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं, हृदयावरही बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच देतात. डाळीत कालवून देणं म्हणजे विषाशी खेळणं आहे.

८. पहिले चार-पाच दिवस

रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिटचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. भास, भ्रम, माणसं न ओळखणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येऊ शकतं, आणि तो जिवावरचा प्रसंग असतो. त्यामुळे घरात कोंडून सोडवायचा प्रयत्न नको. डॉक्टर त्रास आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या देतात, त्या हळूहळू कमी करत थांबवतात, आणि बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी पडलेलं असतं. पूर्वी फिट आलेली असेल तर बहुधा भरती व्हायला सांगतील. दादाला सांगितलं. नऊ दिवस होता.

गोळ्या वहिनीच्या ताब्यात ठेवा आणि वेळेवर द्या. त्या गोळ्यांवर दारू अजिबात नको. आणि घरातली जुनी खोकल्याची औषधं काढून टाका, काहींत अल्कोहोल असतं.

कंपनीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या, नंतर हेलपाटे पडतात.

९. परत आल्यावर

शरीर आठवड्यात सुधारतं, बाकीचं खूप सावकाश. पहिले महिने चिडचिड, झोप उडणं, गप्प बसणं असतं. आम्हाला वाटलं होतं, दारू गेली की जुना दादा परत येईल. आला, पण तुकड्यातुकड्याने. पहिल्याच महिन्यात घरखर्चाचे पैसे परत त्याच्या हाती द्यायची घाई करू नका, आणि दर तासाला तोंडाचा वासही घेऊ नका.

कॅलेंडरवर अवघड दिवस आधीच खुणा करून ठेवा: गटारी, एकतीस डिसेंबर, धुळवड, पगाराची तारीख, आणि नात्यातल्या हळदी. आपल्याकडच्या हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी असते हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी त्याने कुठे असायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा. लग्नाला सकाळी जा, हळदीला नको.

आम्ही इथेच चुकलो. सात महिने झाले होते, मीटिंगमध्ये टाळ्या मिळाल्या होत्या, आणि मावसभावाच्या हळदीला “दहा मिनिटं तोंड दाखवून येतो” म्हणून गेला. मीटिंगमधली माणसं याला ‘स्लिप’ म्हणतात. स्लिप झाली म्हणजे आधीचे सात महिने फुकट गेले असं मानू नका, आणि त्याला ते म्हणू तर अजिबात नका. लगेच, शक्यतो दुसऱ्याच दिवशी, डॉक्टरांना कळवा. एक पेला पुन्हा रोजचा व्हायच्या आत.

त्या वेळी मला काही म्हणावंच लागलं नाही. सकाळी सहाला त्याचाच फोन आला.

“छोटे, जागी आहेस?”

“बोल ना दादा.”

“काल घेतली मी.” मग थोडा थांबला. “आज ओपीडी आहे का गं? चल ना माझ्याबरोबर.”

केसपेपर जुनाच चालला. निळ्या फाईलमध्ये सगळ्यात वर होता.